आन्येरसमोरचा बारा ते चार

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मी एका भल्या माणसावर फायर होजचं पाणी सोडलं.

आमचा बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज, जावाच्या पश्चिम टोकाला, सुंदाच्या सामुद्रधुनीत नांगर टाकून चार दिवस उभा होता. बर्थ, म्हणजे धक्क्यावर जागा, मिळत नव्हता. मी सेकंड मेट, म्हणजे बारा ते चारचा वॉच, पहारा, माझा. अशा अँकरेजला रात्री होड्या येऊन चिकटतात, मागून कुणीतरी चढतं आणि स्टोअरमधले सुटे भाग गायब होतात. म्हणून होज आधीच जोडून ठेवलेले.

रडारवर एक ठिपका सरळ आमच्याकडे निघाला. व्हीएचएफ रेडिओवर हाक मारली, उत्तर नाही. जवळ आला तर लाकडी बोट, तिच्यात दोघं. एक उभा राहून प्लास्टिकची फाईल हलवत ओरडतोय, "एजंट! एजंट!" पण आमचा एजंट, बंदरातली आमची कामं बघणारा माणूस, सकाळी आठला येणार, असं कळवलेलं. डेकवर गस्त घालणारा एबी, म्हणजे खलाशी, आमचा दाभोळचा चाचा, वॉकीटॉकीवर म्हणाला, "साब, चोर येवढा बत्ती लावून येत नाय. मेल बघा एकदा." मी मेल बघितली नाही. एजंट आहे असं चोरही म्हणेलच की! गजर दिला, पाणी सोडलं.

तो एजंटच होता. बर्थ अचानक रिकामा झाला होता, जहाज बंदरात नेणारा पायलट पहाटे पाचला येणार होता. तशी मेल एक वाजून पाच मिनिटांनी ब्रिजवरच्या कॉम्प्युटरवर येऊन पडली होती, माझ्या पाठीमागे तीन पावलांवर.

कॅप्टनसाहेब जे बोलले ते इथे लिहीत नाही. एजंट बिचारा टॉवेल गुंडाळून चहा पीत बसला आणि मी आणि चाचा चार्ट टेबलावर त्याचे कागद सुटे करून वाळवत होतो. दक्षिणेला किनाऱ्यावरच्या आन्येर गावच्या दीपगृहाचा झोत फिरत होता. तो बघून मला जे आठवलं, ते मी चाचाला सांगितलं. जुन्या आरमारी लढायांचा मला नाद आहे.

याच पाण्यात 30 जून 1815 ला अमेरिकेची पीकॉक आणि मुंबईची नॉटिलस या युद्धनौका समोरासमोर आल्या. मुंबईची म्हणजे बॉम्बे मरीनची, ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराची. छोटं ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं जहाज, 14 तोफा. पीकॉकवर 22, त्यातल्या 20 कॅरोनेड. कॅरोनेड म्हणजे आखूड नळीची तोफ. लांबवर कुचकामी, जवळून मात्र साडेचौदा किलोचा गोळा लाकडी बाजू फोडून आत जातो आणि ढलप्यांनीच निम्मी माणसं लोळवतो.

गंमत अशी, की तोवर अमेरिका आणि ब्रिटनचं युद्ध संपलेलं होतं. घेंटचा तह 24 डिसेंबर 1814 चा, वॉशिंग्टनमध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं 17 फेब्रुवारी 1815 ला. बातमी पोचायला वेळ लागणार हे धरून तहातच समुद्रागणिक मुदती दिल्या होत्या. अमेरिकी किनाऱ्याला 12 दिवस, सगळ्यांत लांबच्या समुद्रांना 120. तीही 17 जूनला संपलेली. नॉटिलसचा कप्तान बॉईस ओरडून सांगत होता की तह झालाय. पीकॉकचा कप्तान वॉरिंग्टन, त्याला वाटलं, हा किल्ल्याच्या आडोशाला पळायला वेळ काढतोय. झेंडा उतरवा, म्हणाला. बॉईसने नकार दिला. मग तोफा. बॉईसचा पाय गेला, त्याचा लेफ्टनंट जखमांनी वारला, शेवटी झेंडा उतरला. दुसऱ्या दिवशी खात्री पटली आणि वॉरिंग्टनने जहाज सोडून दिलं.

वॉरिंग्टन काही घाबरट माणूस नव्हे. आदल्या वर्षी एपरव्हिए हे ब्रिटिश जहाज त्याने लढून पकडलेलं. आणि दोनच महिन्यांपूर्वी त्याने आणि हॉर्नेट या दुसऱ्या अमेरिकी जहाजाने एका जहाजाला व्यापारी समजून पाठलाग केला, तर ते निघालं 74 तोफांचं ब्रिटिश कॉर्नवॉलिस. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, सागवानी. हॉर्नेटला तोफासुद्धा समुद्रात फेकून जीव वाचवावा लागला. असं एकदा पोळलेला माणूस दुसऱ्याच्या शब्दावर कशाला विसंबेल? इथपर्यंत मी त्याची बाजू घेतो. पण इंग्रजांचं म्हणणं असं, की आन्येरहून आलेल्या लोकांनी तहाची बातमी त्याच्या जहाजावर आधीच पोचवली होती आणि त्यांना खाली डांबून ठेवलं होतं. वॉरिंग्टनचं म्हणणं, मला कुणी सांगितलंच नाही. त्या रात्री मला हे वाक्य फार ओळखीचं वाटलं.

चाचा कागद उलटा करत म्हणाला, "मुंबयची बोट म्हंजे खलाशी आपलेच आसतील."

लस्कर, म्हणजे इकडचे खलाशी होते, मी म्हटलं. तिघं मेले.

"कुठले?"

अधिकाऱ्यांची नावं येतात, लस्करांचा नुसता आकडा येतो, एवढंच मी सांगू शकलो. तो काही बोलला नाही. मग पंखा कागदांकडे वळवून, "साब, पावणेचार झाले, चीफ मेटला उठवतो," म्हणाला आणि जाता जाता होजचा व्हॉल्व्ह नीट बंद आहे का ते बघून आला.