कोठीघरात चूल नको

रविवारी काकांच्या नारायण पेठेतल्या दुकानात गेलो होतो, निमित्त काय तर ब्राउझर उघडला की भलत्याच साइट्स उघडतायत. एक फालतू एक्स्टेंशन होतं, उडवलं, पाच मिनिटांत विषय संपला. पण सवयीने सिस्टीम प्रॉपर्टीज, तिथून परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज असं करत डेटा एक्झिक्युशन प्रिव्हेन्शनच्या टॅबवर गेलो तर सगळं ग्रे, काही बदलताच येईना!

काकांना विचारलं. "अरे ते बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर सारखं बंद पडायचं, मग रिपेअरवाल्याने काळ्या खिडकीत काहीतरी टाइप केलं नि लागलं चालायला."

डोक्याला हात लावला. एका सॉफ्टवेअरसाठी अख्ख्या मशीनचं डेप, म्हणजे तेच डेटा एक्झिक्युशन प्रिव्हेन्शन, बंद.

मंगल कार्यालयात कोठीघर असतं ना, तिथे सामान ठेवायचं, चूल पेटवायची नाही. मेमरीचंही तसंच, डेटाच्या जागेत डेटाच राहायला हवा, तिथून कोड चालता कामा नये. आता ब्राउझर दिवसभर परक्यांनी पाठवलेली चित्रं, फॉन्ट, स्क्रिप्ट गिळत असतो, त्यात एखादा बग सापडला की हल्लेखोर डेटाच्या नावाखाली आपला कोड आत सरकवतो आणि प्रोसेसरला तिकडे उडी मारायला लावतो. डेप चालू असेल तर प्रोसेसरच नाही म्हणतो आणि प्रोग्रॅम क्रॅश होतो. लोक वैतागतात, पण तो क्रॅश म्हणजेच वाचलात! विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, म्हणजे २००४ पासून हे फुकटात मिळतंय, तरी इंटरनेट एक्सप्लोरर ७ मध्ये ते मुळात बंदच असायचं कारण जुने अ‍ॅड-ऑन मोडायचे, ८ मध्ये चालू झालं. म्हणजे काकांचंच दुखणं.

अभेद्य वगैरे नाही हं. पुढे हल्लेखोर आधीच मेमरीत असलेल्या कोडचे तुकडे जोडून काम साधायला लागले, म्हणून पत्ते दरवेळी बदलणारं एएसएलआर लागतं, ते विंडोज व्हिस्टापासून आहे.

मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून एनएक्स, म्हणजे डेपचंच सेटिंग, 'ऑप्टआउट'वर टाकलं, म्हणजे अपवाद सोडून सगळ्यांना डेप चालू (बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, असेल तर आधी सस्पेंड करा, नाहीतर रिकव्हरी की शोधत बसाल), रीस्टार्ट केलं, नि त्याच टॅबमध्ये जाऊन अपवाद म्हणून फक्त ते बिलिंग सॉफ्टवेअर घातलं. एक बिल छापून दाखवलं.

काकांनी कागद उलटासुलटा करून बघितला. "हे तुझं डेप पण दरवर्षी रिन्यू करावं लागतं का रे?"