आमची वाटचाल: बेदाण्याच्या पावतीपासून ब्लॉकचेनपर्यंत, आणि तिथून परत पावतीकडं

आमचं ऑफिस सांगलीत, विश्रामबागेत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. माणसं पाच. २०१२ साली अडत दुकानांच्या पट्ट्या आणि कोल्ड स्टोअरेजची बिलं मराठीत छापणारं सॉफ्टवेअर घेऊन सुरुवात केली आणि आजही ऑफिसचा खर्च त्यावरच निघतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ब्लॉकचेनचं काम करतो म्हटलं की समोरचा एकतर बिटकॉइनचा भाव विचारतो, नाहीतर 'किती छापले?' म्हणतो. आम्ही एकही कॉइन विकलेलं नाही. आम्ही पावत्या करतो.

या भानगडीत पडलो ते गिऱ्हाइकाच्या अडचणीमुळं. तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाणा तयार झाला की १५ किलोच्या बॉक्समध्ये भरून कोल्ड स्टोअरेजला लागतो. शेतकऱ्याच्या हातात राहते ती पावती: किती बॉक्स, कुठली प्रत, कुठल्या चेंबरमध्ये. भाव येईपर्यंत थांबायचं असेल तर त्या पावतीवर तारण कर्ज काढतात. आता कागद म्हटल्यावर एकाच मालावर दोन ठिकाणी उचल, पावती हरवली म्हणून दुसरी प्रत आणि मग पहिलीच सापडली, असले प्रकार आलेच. गोदाम प्राधिकरणाकडं नोंदलेल्या गोदामांना २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक पावतीची सोय झाली, पण आमची बहुतेक स्टोअरेज त्या नोंदणीत नव्हती. २०१९ मध्ये एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या अध्यक्षांनी विचारलं, "पावती अशी करता येईल का, की एकदा काढली की आम्हालासुद्धा मागनं बदलता येणार नाही?"

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली वही, एकदा लिहिलं की मागनं बदलता न येणारी; पुढं तिलाच साखळी म्हटलंय. तिच्यासाठी याहून सरळ प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. मुंबईत सुरू झालेल्या मॅटिक नेटवर्कची साखळी (२०२१ मध्ये त्याचं पॉलिगॉन झालं) पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, चालू झाली आणि तिच्यावर एक व्यवहार नोंदवायला पैशाच्याही अंशात खर्च यायचा. पावतीचं काँट्रॅक्ट, म्हणजे साखळीवर चालणारा छोटा प्रोग्रॅम, आमच्या पोरांनी आठवड्याभरात लिहिलं. तपासून घेतलं, चाललं. गाडी अडली ती पुढं, स्टोअरेजच्या ऑफिसात, टेबलावरच्या मोबाइलमध्ये.

त्या काळी ब्लॉकचेनवर काही लिहायचं तर ज्याची सही त्याचं वॉलेट (सहीची गुप्त चावी सांभाळणारं ॲप), हाच नेहमीचा रस्ता होता. म्हणून स्टोअरेजच्या ऑपरेटरच्या फोनवर वॉलेट टाकलं. हे काका पन्नाशीचे. कुठल्या चेंबरच्या कुठल्या थप्पीत कुणाचा माल आहे ते वही न उघडता सांगायचे. वॉलेटनं पहिल्याच पडद्यावर बारा इंग्रजी शब्द दाखवले आणि बजावलं की हे कागदावर उतरवून घ्या, हरवले तर आम्हीही काही करू शकत नाही. काकांनी डायरी काढली आणि शब्द उतरवले. देवनागरीत. माझ्या सहकाऱ्यानं वाचून दाखवले तसे.

या बारा शब्दांवरून नव्या फोनवर तेच वॉलेट परत उघडतं. ते २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतले असतात. ही पद्धत २०१३ ची, आणि केलीय मोठ्या हुशारीनं: इंग्रजी यादीतल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, म्हणजे चार अक्षरं बरोबर पडली तरी शब्द ओळखता येतो. शेवटच्या शब्दात चुकीची तपासणीही दडवलेली आहे. पण ही सगळी हुशारी स्पेलिंगवर उभी आहे. काकांच्या डायरीत 'नाइफ' होतं. पुढं फोन बदलल्यावर त्यांनी एनपासून शोधायला सुरुवात केली, आणि यादीत तो शब्द केमध्ये. जपानी, कोरियन, स्पॅनिश, चिनी, फ्रेंच, इटालियन, चेक, पोर्तुगीज या भाषांत अशा याद्या आहेत. मराठी सोडा, हिंदीतही नाही. शिवाय काकांच्या मुलानं त्या पानाचा फोटो काढून स्टोअरेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, सेफ राहावा म्हणून. मला त्यात त्या पोराचा काहीच दोष दिसत नाही. महत्त्वाचा कागद आपल्याकडं असाच जपतात.

दुसरा अडथळा पैशाचा, म्हणजे रकमेचा नव्हे, प्रकाराचा. साखळीवर नोंद करायची तर शुल्क त्या साखळीच्या कॉइनमध्ये भरावं लागतं. कंपनीनं पन्नास रुपयांचे कॉइन घ्यायचे म्हटले तरी आधी क्रिप्टो एक्सचेंजवर खातं, पॅन, केवायसी, संचालक मंडळाचा ठराव. उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखालची, आणि त्या कायद्याच्या अनुसूची ३ मधल्या बदलामुळं १ एप्रिल २०२१ पासून कंपनीकडं क्रिप्टो असेल तर ताळेबंदाच्या टिपांत दाखवावं लागतं. सीएंनी फोन केला: "पन्नास रुपयांसाठी मी ही टीप लिहू? उद्या तारण देणारी बँक ती वाचेल." पुढं २०२२ च्या अर्थसंकल्पानं आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणला, १ जुलैपासून हस्तांतरावर एक टक्का टीडीएसही आला, आणि कॉइन हा शब्द संचालकांच्या बैठकीत काढायचीही सोय राहिली नाही.

हे दोन्ही एक वेळ आम्ही बाजूला बसून निस्तरलं असतं. मला खरा घोर होता तो सहीच्या पडद्याचा. काका पावती काढून बटण दाबायचे आणि वॉलेट एक खिडकी उघडायचं. तीत वर शून्य-एक्सनं सुरू होणारा ४२ अक्षरांचा पत्ता, खाली सोळाच्या पायातले (० ते ९ आणि ए ते एफ) आकडे-अक्षरं ठासून भरलेली, आणि शेवटी 'मान्य' आणि 'अमान्य'. बॉक्स किती, शेतकरी कोण, काही नाही. काका दर वेळी मान्य दाबायचे. दुसरं करणार काय? ज्यांचा हा धंदाच आहे त्यांचंही याहून वेगळं होत नाही. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या एक्सचेंजचं सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर (इथेरियम या साखळीचं कॉइन) चोरीला गेलं. सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, खाली सही भलत्याच गोष्टीवर होत होती. मे २०२४ मध्ये तर एकानं नुसता पत्ता चुकीचा उचलला आणि सुमारे ६.८ कोटी डॉलरचं बिटकॉइन-टोकन ठगाला पाठवलं. युक्ती साधी: पहिली आणि शेवटची अक्षरं जुळतील असा पत्ता तयार करायचा आणि त्यावरून समोरच्याच्या व्यवहार-यादीत एक किरकोळ नोंद घुसवून ठेवायची. माणूस यादीतून पत्ता उचलतो, कडेची चार-चार अक्षरं बघतो आणि पाठवतो. त्या माणसाला ठगाकडून रक्कम परत मिळाली म्हणा, पण तशी आशा धरून कुणी व्यवस्था उभारत नाही.

आमच्याकडं चहाच्या टपरीवरही यूपीआयवर पैसे पाठवताना आधी समोरच्याचं नाव येतं. नाव बघायचं, पिन टाकायचा, मोकळं व्हायचं. २०१६ पासून लोकांच्या हाताला हे वळण पडलंय. त्यांच्यापुढं ४२ अक्षरं ठेवून 'हे अधिक सुरक्षित आहे' म्हणणं मला तरी जमत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये आणखी एक गंमत झाली. पॉलिगॉनवर सूर्यफुलांची शेती करायचा एक खेळ आला, लोक त्यावर तुटून पडले आणि साखळीचं शुल्क कित्येक पटींनी चढलं. आमच्या पावत्या जुन्या दराच्या शुल्कावर पाठवलेल्या, त्या रांगेत अडकल्या. एका खात्यातून गेलेला पहिला व्यवहार अडला की त्यामागचे सगळे थांबतात, हा साखळीचा नियम. बाहेर टेम्पो उभा, जुना माल सौद्याला काढायचाय, आणि पडद्यावर इंग्रजीत 'प्रलंबित'. खेळातल्या शेतीमुळं खऱ्या शेतकऱ्याचा माल अडला, हे मी स्टोअरेजवाल्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती काही विसरत नाही. त्या दिवशी कागदी पावतीपुस्तक बाहेर आलं आणि माल सुटला.

त्यानंतर सगळं उलटं बांधलं. आता ऑपरेटर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून आत येतो, पावती मराठीत भरतो, छापतो, शेतकऱ्याला देतो. काम तिथंच संपलं. दिवसभराच्या पावत्यांचे डिजिटल ठसे (मजकुरावरून काढलेली छोटी खूण, मजकूर बदलला की तीही बदलते) रात्री आमचा सर्व्हर गोळा करतो, दोन-दोन जोडत त्या सगळ्यांचा मिळून एक ठसा बनवतो आणि तेवढाच साखळीवर टाकतो. दिवसाला एक व्यवहार; शुल्क आम्ही भरतो आणि वर्षाच्या बिलात धरतो. त्या क्षणी साखळी तुंबलेली असली तरी बिघडत नाही, पहाटेपर्यंत कधीतरी नोंद होते. बँकेचा अधिकारी पावतीवरचा क्यूआर स्कॅन करतो आणि त्याला दिसतं: ही पावती अमुक तारखेची, नंतर बदललेली नाही, तारण आहे किंवा नाही. साखळीवर नाव, गाव, बॉक्स काहीच जात नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आल्यावर त्याचं महत्त्व आणखी कळलं, कारण साखळीवरचं पुसता येत नाही.

पुसता येत नाही म्हटल्यावर दुरुस्तीचं काय? १५ च्या जागी १५० बॉक्स पडले तर? इथं लोकांना काही शिकवावं लागलं नाही. रोजकीर्दीत खाडाखोड चालत नाही, खाली उलटी नोंद टाकतात, हे स्टोअरेजच्या मुनीमजींना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक. 'दुरुस्ती पावती' असं बटण दिलं, विषय मिटला. पडद्यावरची भाषाही त्यांनीच सुचवली. आम्ही 'व्यवहाराची पुष्टी प्रतीक्षेत' असं काहीतरी लिहिलं होतं. मुनीमजी म्हणाले, "पावती जमा. रात्री पक्की होईल, असं लिहा की." तसंच लिहिलंय.

२०२२ मध्येच गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातली सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रं पॉलिगॉनवर नोंदवण्याचं काम राज्य सरकारनं हाती घेतल्याची बातमी आली. ती वाचून आमच्या पोरांना धीर आला. तिथंही ज्याचं प्रमाणपत्र त्याला वॉलेट घ्यायला लावायचं नव्हतं.

आता एक प्रश्न नेहमी येतो आणि तो बरोबर आहे. एका व्यापाऱ्यांचा मुलगा, वालचंदला इंजिनिअरिंग करणारा, म्हणाला, "काका, सहीची चावी तुमच्याकडं, सर्व्हर तुमचा. मग यात ब्लॉकचेन उरली कुठं?" त्याला सांगितलं ते इथंही सांगतो. 'मध्ये कुणी नको' हा भाग उरला नाही. मध्ये आम्ही आहोत, आणि आमच्यावर भरवसा ठेवावा लागतो. आम्ही खोटी पावती चढवू शकतो, बॉक्समध्ये बेदाणा आहे की भुसा हे तर साखळीला कधीच कळणार नाही. पण काल चढवलेलं आज आम्हाला बदलता येत नाही, आणि उद्या आमचं दुकान बंद झालं तरी छापलेली पावती आणि तिच्यासोबत दिलेली पुराव्याची फाइल कुणालाही तपासता येते. अध्यक्षांनी २०१९ मध्ये मागितलं होतं ते एवढंच. पडदा सोपा करायचा तर कुणीतरी चावी सांभाळायची जबाबदारी घ्यावी लागते. ती न घेता दोन्ही साधल्याचं जे सांगतात, त्यांच्या माहितीपत्रकातली बारीक अक्षरं मी आधी वाचतो.

ही परिस्थिती अलीकडं थोडी हलतेय. मार्च २०२३ मध्ये इथेरियमवर ईआरसी-४३३७ हे खात्यांसाठीचं मानक आलं, मे २०२५ मध्ये त्याच साखळीचा पेक्ट्रा अपग्रेड आला. दोन्हींमुळं खात्याला नियम लावता येतात: शुल्क दुसऱ्यानं भरायचं, चावी हरवली तर ठरलेल्या माणसांनी मिळून नवी बसवायची. पासकीही वापरता येते, म्हणजे बारा शब्दांऐवजी फोनचंच कुलूप.

म्हणून गेल्या हंगामात दोन स्टोअरेजमध्ये पासकी लावून बघितली. वॉशिंग-ग्रेडिंगवरून येणाऱ्या माणसाच्या हाताला बेदाण्याचा चिकटा असतो, बोट लावलं की सेन्सर नाही म्हणतो. पिननं भागलं. त्याहून अवघड गोष्ट वेगळीच निघाली. पासकी फोनवरच्या गूगल खात्यात जपली जाते, आणि एका स्टोअरेजच्या फोनवरचं गूगल खातं मोबाइल दुकानदारानं फोन विकताना काढून दिलेलं. पासवर्ड त्याच्याकडं, आणि आता त्याच्याही लक्षात नाही. शिवाय तो फोन पाळीनं तीन माणसं वापरतात. परदेशात बसून ही व्यवस्था घडवणाऱ्यांनी एक माणूस, एक फोन, एक खातं असं धरलंय. कोल्ड स्टोअरेजच्या काउंटरवर त्यातलं एकही खरं नाही.

त्यावर आमचा तोडगा असा: चावी माणसाला न देता पदाला द्यायची. उत्पादक कंपनीचे दोन संचालक आणि स्टोअरेजमालक, तिघांपैकी दोघांनी मान्य केलं की नवा फोन जोडला जातो. साखळीवर हे बसवायला फार कष्ट नाहीत. खोळंबा कागदाचा आहे. संचालक बदलला की त्याचा हक्क कोणत्या दिवसापासून जातो, निवड झाली तेव्हापासून की कार्यवृत्तावर सही झाली तेव्हापासून, याची नोंद कंपनीच्या दप्तरी हवी. सीए म्हणतात वार्षिक सभेत ठराव घ्या, अध्यक्ष म्हणतात आधी मसुदा मराठीत आणा. मसुदा आमच्याच ऑफिसात टाइप होतोय. सभा सप्टेंबरात आहे. ठराव झाला की नवे बेदाणे यायच्या आत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, एका स्टोअरेजला हे लावायचं ठरलंय. तोवर ओटीपी आहेच, आणि कागदी पावतीपुस्तकही काउंटरखाली ठेवलेलं आहे.