पाठची बाजू

सोमवार

काका सकाळी सहाला स्वारगेटला उतरले. कुडाळहून रात्रभराचा प्रवास. सोबत एक पत्र्याची पेटी आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली वीणा. रिक्षात मी पेटी पायाशी ठेवायला गेले, तर त्यांनी हळूच काढून मांडीवर घेतली. आत पोथी होती, म्हणजे एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा.

आमच्या कला महाविद्यालयात बाहेरचा कलाकार येऊन राहावा, मुलांच्या देखत काम करावं, म्हणून मी तीन वर्षं मागे लागले होते. यंदा दोन आठवडे मिळाले. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन कथा सांगणारे कलाकार, यावेत हे माझ्या मनात केव्हापासून होतं. २०२१ साली तिथल्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा मुलांनी पिंगुळीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. त्याआधी त्यांच्या लेखी कुडाळ म्हणजे मालवणला जाताना लागणारं स्टेशन. पण 'शैक्षणिक पात्रता' हा रकाना रिकामा आहे म्हणून मानधनाची फाईल दोनदा परत आली. मला ते फार लागलं. आठव्या वर्षापासून वडिलांच्या मागे टाळ धरून बसलेल्या माणसाने त्या रकान्यात काय लिहायचं? तिसऱ्या वेळी मी 'वंशपरंपरेने' असं लिहिलं. फाईल मंजूर झाली.

दुपारी काका झोपले होते. त्यांना विचारून मी पोथीतली बारा चित्रं घेतली आणि वर्गाच्या भिंतीवर एका ओळीत लावली. मुलं खूश. मीही.

मंगळवार

काका वर्गात आले, भिंतीपाशी थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका चित्राकडे बोट करून म्हणाले, "बाईंनू, हयसर सीता भिक्षा घालूक भायर इली हा. पाठसून रावण तिका घेवन जाता. तुमी तिका दारातच उबी करून ठेवलास."

मी चित्र उतरवून उलटं केलं. मागे रावण होता.

पोथीत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, हे मला माहीत होतं. माहीत असून मी अर्धी कथा भिंतीला तोंड करून लावली. 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, म्हणजे १२व्या शतकात, सोमेश्वर राजाने चित्रकथकाचं वर्णन केलंय: रंगांच्या सोबतीने जो सांगतो तो. हे मी दरवर्षी तिसऱ्या वर्षाला शिकवते. परीक्षेला विचारतेसुद्धा. शिकवताना माझं सगळं लक्ष रंगांवर असतं, 'सांगतो' हा शब्द मी आजवर नुसता वाचत आले, हे आज कळलं.

चित्रं उतरवली. काकांनी सतरंजी मागितली, मुलांना खाली बसवलं, पोथी पुढ्यात उभी धरली. वीणा, टाळ, हुडुक (डमरूसारखं छोटं वाद्य). (टाळ धरायला आमचाच एक मुलगा बसला, पहिल्या पाच मिनिटांत तीनदा चुकला, काकांनी नुसत्या मानेने सावरून घेतलं.) ओवी संपते न संपते तोच चित्र उलटतं. भिक्षा घालायला हात पुढे होतो, काका थांबतात, एक श्वास जातो, आणि मग उलटतं. तो श्वास भिंतीवर कसा लावणार होते मी?

गुरुवार

राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. पैठण शैलीतली चित्रकथी चित्रं पाहायची होती. काका काचेपुढे उभे राहिले आणि ओठातल्या ओठात काही म्हणू लागले. मुलं वह्या मिटून त्यांच्या भोवती गोळा झाली.

परतताना ते सावंतवाडी संस्थानाबद्दल बोलत होते. राजांनी चित्रकथी सांगणाऱ्या ठाकर समाजातल्या घराण्यांना गावं, देवळं नेमून दिली. नवरात्रात त्या त्या देवळात जाऊन जागर करायचा. पोथी फाटली, जीर्ण झाली की पाण्यात सोडतात. आजोबांनी सोडलेली एक त्यांनी लहानपणी पाहिली. "रंग येगळे जाले पान्यात," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसरा बुधवार

मुलांचा हात चांगला आहे. एकचष्मी (बाजूने काढलेले, एकच डोळा दिसणारे) चेहरे, मोठे डोळे, भरगच्च काठ, सगळं चार दिवसांत जमलं. काका प्रत्येकाजवळ जातात, चित्र बघतात, "बरा हा" म्हणतात आणि विचारतात, "मगे?"

मगे काय झालं? त्यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं. शैली आली, पुढचं चित्र आलं नाही. हा दोष मुलांचा नाही. आम्ही त्यांना एकेक चित्र पुरं करायला, सही करायला, फ्रेम करायला शिकवतो.

बीडची एक मुलगी मात्र थांबली नाही. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. तिने पहिल्या पानावर आई दाराला कुलूप लावताना काढली. पाठीला तेच कुलूप आणि ओट्यावर बसलेली आजी. पुढे ट्रॅक्टर, पालं, पहाटेचा फड, डोक्यावर मोळी. चिकटवायला मैद्याची खळ काकांनी स्वतः शिजवली, वाळवी-कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं. ओल्या खळीने कागद वळतो, म्हणून रात्रभर ड्रॉइंग बोर्डांखाली दाबून ठेवायचा.

शनिवार

शेवटचा दिवस. प्रदर्शन नाही, असं मी आधीच सांगून टाकलं होतं. वरून थोडी नाराजी आली, पाहुण्यांना भिंतीवर काही दिसायला हवं असं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही. संध्याकाळी सतरंजी, समई, आणि सगळे जमिनीवर.

बीडच्या मुलीला गाता येत नाही. ती घरी बोलते तशीच बोलली. तिसऱ्या पानाला आवाज अडकला. काकांनी काही न बोलता टाळ उचलला, बारीक ठेका धरला, आणि ती त्या ठेक्यावरून पुढे गेली. सहावं पान आलं. आई कारखान्याच्या पालावर चूल पेटवतेय. तिने पान उलटलं. मागे कोरा कागद. सभागृहात कुणीतरी कुजबुजलं, राहिलं वाटतं.

राहिलं नव्हतं. काल दुपारी मी तिथेच होते. ती म्हणाली होती, "काका, याच्या मागं काय काढू? आई अजून तिकडंच हाय." काकांनी कोरा कागद घेतला, खळ लावली, कडा जुळवून तळहाताने दाबला.

"आवस घराक इली की काढ."