तीन खूणपट्ट्यांची कादंबरी

एकच खूणपट्टी घेऊन 'डिक्शनरी ऑफ द खझार्स'च्या वाटेला जाऊ नये. निदान तीन हव्यात, जमल्यास तांबडी, हिरवी आणि पिवळी. मिलोराद पाविच या सर्बियन लेखकाची १९८४ सालची ही कादंबरी म्हणजे चक्क शब्दकोश आहे, आणि तोही एक नाही. तांबड्या कोशात ख्रिस्ती बाजूच्या नोंदी, हिरव्यात इस्लामी, पिवळ्यात ज्यू.

काळा समुद्र आणि कॅस्पियन यांच्यामधल्या मुलखावर राज्य करणारे खझार हे लोक खरोखरच होऊन गेले. दहाव्या शतकात त्यांचं राज्य बुडालं. कादंबरीत त्यांच्या कगानाला, म्हणजे राजाला, एक स्वप्न पडतं. अर्थ लावायला तीन धर्मांचे तीन पंडित येतात. ज्याचा अर्थ पटेल त्याचा धर्म घ्यायचा, असं ठरतं. वाद जिंकला कोणी? प्रत्येक कोश सांगतो, आमच्यानं. पाविच मध्ये पडत नाही.

पहिल्या पानापासून सरळ वाचत गेलं की हिरव्या कोशापर्यंत दम संपतो. नोंदी वर्णानुक्रमे लावलेल्या, त्यामुळे माणूस मरतो आधी आणि भेटतो नंतर. मधेच एखाद्या नावाशेजारी क्रूस, चंद्रकोर किंवा षट्कोनी तारा दिसतो. त्या नावाची नोंद कोणत्या कोशात आहे, ते ही खूण सांगते. खुणेमागे जावं. नोंद लांबलचक निघाली तर अर्ध्यात सोडून परत यावं. लाज वाटण्याचं कारण नाही, कोश कोणी ओळीनं वाचतं का?

सुरुवात तिन्हीकडे असलेल्या नोंदींपासून केलेली बरी: आतेह, कगान, खझार आणि खझारांचा वाद. त्यातही आधी तांबड्या कोशातली आतेह. ही राजकन्या रात्री दोन्ही पापण्यांवर एकेक अक्षर लिहवून घेऊन झोपते. अक्षरं अशा लिपीतली की वाचणारा जागीच मरावा. म्हणून लिहायला आंधळे. झोपेत तिच्यावर चालून येणाऱ्याची खैर नाही. पुढे तिला दोन आरसे भेट मिळतात. एक घाईचा, प्रतिबिंब थोडं आधीच दाखवणारा. दुसरा संथ, थोडं उशिरा दाखवणारा. अक्षरं अजून पुसलेली नसतात. दोन्ही आरशांत तिला स्वतःच्या मिटलेल्या पापण्या दिसतात, आणि संपलं. आता हीच आतेह उरलेल्या दोन कोशांत वाचावी. वादात ती कोणाच्या बाजूनं उभी राहिली, हे कोशागणिक बदलतं.

कादंबरीचा खरा गाभा मात्र सतराव्या शतकात आहे. तांबड्या कोशातला अव्राम ब्रांकोविच झोपला की पिवळ्या कोशातल्या सॅम्युएल कोएनचं जागेपण स्वप्नात पाहतो. कोएन झोपला की ब्रांकोविचचं. म्हणजे एकाच वेळी दोघं जागे राहून भेटणं कठीण. त्यांचा माग काढणारा स्वप्नशिकारी युसुफ मसुदी हिरव्यात आहे. तिघांची गाठ पडते ती रणभूमीवर, आणि तो एकच प्रसंग तीन ठिकाणांहून गोळा करावा लागतो. खूणपट्ट्या लागतात त्या इथे.

काही वाचक सनावळीचा तक्ता करतात. होतो तक्ता: खझारांचा काळ, सतरावं शतक, विसावं शतक. पण तक्ता पुरा झाला की हातात उरते एक बारीकशी रहस्यकथा, आणि पाविचनं ती मुद्दाम मोडून ठेवली होती, हे विसरायला होतं. अर्जेंटिनाचा लेखक हुलिओ कोर्ताझार याच्या 'हॉपस्कॉच' कादंबरीमध्ये निदान लेखक तुम्हाला ७३व्या प्रकरणापासून सुरू होणारा दुसरा क्रम आखून देतो. इथे तेही नाही. भाषा बदलली की वर्णानुक्रम बदलतो, त्यामुळे शेवटची नोंदसुद्धा सगळीकडे एक राहत नाही. परिशिष्टं मात्र टाळू नयेत. विसाव्या शतकातल्या खुनाचा खटला तिथे आहे.

राहिला पुरुष आणि स्त्री आवृत्तीचा घोळ. पुस्तक दोन रूपांत निघालं आणि फरक फक्त एका परिच्छेदाचा. दोन्ही प्रती जवळ बाळगणारे हौशी आहेत. एक प्रत असेल तर पिवळ्या कोशात डॉ. डोरोथेया शुल्त्स या विसाव्या शतकातल्या अभ्यासिकेचं शेवटचं पत्र काढावं आणि दुसरी प्रत कोणाकडून तरी तासाभरासाठी मागून ताडून पाहावं. एका क्षणी हाताला हात लागतो, तेवढंच. त्या स्पर्शाचं तिनं काय केलं, यावर दोन्ही प्रतींचे मालक भांडू शकतात. भांडोत बापडे.