मेंदीची पुडी आधी उलटी करून वाचा

नागपंचमी जवळ आली की आमच्या सोलापुरात मंगळवार पेठेत मेंदीच्या पुड्या आणि कोन ढिगाने दिसायला लागतात आणि मग ओळखीतल्या बायका विचारतात, ताई कुठली घेऊ? ब्रँड नंतर बघा, आधी पुडी उलटी करून आत काय काय घातलंय ती मागची बारीक अक्षरं वाचा.

कारण मेंदीच्या पानाने काळा रंग येतच नाही हो. पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते केसातल्या आणि कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला घट्ट धरतं, रंग आधी केशरी येतो आणि एकदोन दिवसांत गडद होत तांबूस-तपकिरी होतो. बस्स, एवढाच. अर्ध्या तासात काळीभोर रंगणारी "काळी मेंदी" असते ना, तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी घातलेलं असतं, काळ्या हेअर डायमधलं केमिकल. ज्याला त्याची अ‍ॅलर्जी होते त्याच्या हातावर जशी नक्षी काढली तशीच्या तशी फोडांची उठते, आणि अ‍ॅलर्जी एकदा अंगात बसली की पुढे हेअर डायसुद्धा सोसत नाही. लहान पोरींच्या हाताला तर हे अजिबात लावू नका, हात जोडून सांगते.

नुसत्या पानांची पावडर घ्या. राजस्थानातल्या सोजतची मेंदी नावाजलेली आहे, २०२१ मध्ये तिला जीआय टॅगही मिळाला, म्हणजे हा माल त्याच भागातला अशी सरकारी ओळख. वस्त्रगाळ करून कोमट पाण्यात भिजवा, थोडं लिंबू पिळा आणि झाकून ठेवा, काही तासांनी वरचा थर तपकिरी होतो, चमच्याने उकरलं तर खाली हिरवीच असते. तेव्हा चिमूटभर तळहाताला लावून पाच मिनिटांनी पुसायची, केशरी डाग पडला की झाली तयार. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर हे फार लवकर होतं, रात्रभर बाहेर ठेवलीत तर रंग उतरून जातो, उरलेली सरळ फ्रीजरमध्ये टाका.

आणि केस काळेच हवे असतील तर त्यालाही पानच आहे, नीळ. कपड्यांना घालतो ती नाही हं, निळीच्या झाडाच्या पानांची पावडर. आधी मेंदी लावून धुवायची, मग ही, पण ही भिजत ठेवायची नाही, कालवली की दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यायची. धुतल्यावर केस हिरवट दिसले तर घाबरून लगेच शॅम्पू करू नका, हवा लागली की दुसऱ्या दिवसापर्यंत काळे होतात.