डाऊनएंड: डब्ल्यू. जी. ग्रेसच्या गावात

लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरच्या ग्रेस गेटवरचा मजकूर अगदी मोजका आहे. विल्यम गिल्बर्ट ग्रेस, महान क्रिकेटपटू, १८४८ ते १९१५. बस्स. १९२३ साली हा दरवाजा उभारताना त्यावर लॅटिनमध्ये वगैरे काहीतरी भारदस्त कोरावं, असं बऱ्याच जणांच्या मनात होतं. पण स्टॅन्ली जॅक्सनने सुचवलं की एवढंच पुरे. (हाच जॅक्सन पुढे बंगालचा गव्हर्नर झाला. आणि दरवाजाचं काम केलं हर्बर्ट बेकरने, ज्याने नवी दिल्लीतल्या सचिवालयाच्या इमारती बांधल्या.) आत पॅव्हिलियनमध्ये ग्रेसचं तैलचित्र बघितलं. लाल-पिवळ्या पट्ट्यांची टोपी, छातीवर रुळणारी दाढी, बॅट हातात. लहानपणापासून क्रिकेटच्या प्रत्येक पुस्तकात पाहिलेला चेहरा.

याच मैदानावर १८८६ साली मुंबईची मंडळी त्याच्यासमोर उभी राहिली होती. पारशांचा संघ त्या वर्षी स्वतःच्या हिमतीवर इंग्लंडला गेला, आणि लॉर्ड्सवर एमसीसीकडून, म्हणजे लॉर्ड्सच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबकडून, खुद्द ग्रेस खेळायला उतरला. आपल्या लोकांची धूळधाण उडाली, डावाने हरले. पण त्यानंतर चारच वर्षांत, १८९० च्या जानेवारीत, पारशांनी मुंबईत व्हर्ननच्या इंग्लिश संघाला हरवलं. भारतीय क्रिकेटची गोष्ट सांगताना आपण रणजीपासून सुरुवात करतो, मला मात्र ती या पारशांपासून सुरू करावीशी वाटते.

तरीही ग्रेस समजून घ्यायचा तर लॉर्ड्स पुरत नाही, ब्रिस्टल गाठायला हवं, असं माझं ठाम मत झालंय. पॅडिंग्टनहून गाडीने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. माझी मावसबहीण तिथेच राहते, त्यामुळे मुक्कामाची सोय होती.

पहिल्यांदा गेलो स्टोक्स क्रॉफ्टला. भिंतीभिंतींवर रंगीत चित्रं काढलेला, तरुण मुलांनी गजबजलेला भाग. तिथे 'फुल मून' नावाची जुनी खानावळवजा इमारत अजून उभी आहे. तिच्या मागच्या मैदानात १८५४ च्या जूनमध्ये ग्रेसच्या वडिलांनी, डॉ. हेन्री मिल्स ग्रेस यांनी, ऑल इंग्लंड इलेव्हन या फिरत्या संघाला खेळायला बोलावलं होतं. तेव्हाची पद्धत अशी की त्या नामवंत अकरा जणांसमोर स्थानिकांचे बावीस जण उतरायचे. सहा वर्षांचाही न झालेला ग्रेस आईबरोबर तो सामना बघत होता. आता मागे मैदान नाही, इमारतीच आहेत. तरी मी तिथे बराच वेळ घुटमळलो.

मग बसने डाऊनएंड. त्या काळी ब्रिस्टलपासून चारेक मैलांवरचं खेडं, आता शहराला चिकटलेलं उपनगर. १८ जुलै १८४८ ला ग्रेस जन्मला ते डाऊनएंड हाऊस आजही उभं आहे, भिंतीवर तशी पाटीही आहे. पण खरी शाळा भरली ती पुढच्या घरात, 'चेस्टनट्स'मध्ये. डॉक्टरांनी तिथल्या बागेतली सफरचंदाची झाडं काढून खेळपट्टी केली. मामा आल्फ्रेड पोकॉक मुलांना शिकवायचा: बॅट सरळ, डावा खांदा पुढे. पाच भाऊ, सगळे खेळणारे. चेंडू अडवायला माणसं कमी पडली की घरची कुत्री मैदानात. त्यातला पाँटो सर्वांत तयार, चेंडू कुठे जाणार याचा अंदाज त्याला आधीच यायचा म्हणे. आपल्याकडे वाड्याच्या अंगणात सगळं घरदार एका चेंडूमागे धावतं, तसलाच हा प्रकार.

आणि या सगळ्यावर नजर ठेवून आई, मार्था. इंग्लंडच्या क्रिकेट इतिहासात ही बाई मला फार मोठी वाटते. ऑल इंग्लंडच्या कप्तानाला तिने पत्र लिहून मोठ्या मुलाची, ई. एम.ची शिफारस केली आणि वर लिहिलं की धाकटा याच्याहून सरस होईल, कारण त्याचा बचाव जास्त पक्का आहे, अशी गोष्ट सांगतात. ते पत्र आज कुणाकडे नाही, पण ज्या घरात ही गोष्ट खरी वाटते ते घर कसं असेल! २५ जुलै १८८४ ला ओल्ड ट्रॅफर्डवर ग्लॉस्टरशायर-लँकेशायर सामना चालू असताना ती गेल्याची तार आली. लँकेशायरचा कप्तान हॉर्नबीने सामना तिथेच थांबवला, ग्लॉस्टरशायरकडून खेळणारे ई. एम. आणि डब्ल्यू. जी. हे दोघे भाऊ घरी निघाले. विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकातल्या क्रिकेटपटूंच्या जन्म-मृत्यूच्या यादीत नाव आलेली ती पहिली स्त्री.

सर्वांत धाकट्या भावाला, फ्रेडला, डाऊनएंडच्याच चर्चच्या आवारात पुरलं आहे. सप्टेंबर १८८० मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ई. एम., डब्ल्यू. जी. आणि फ्रेड हे तिघे भाऊ एकाच कसोटीत खेळले. डब्ल्यू. जी.ने १५२ काढल्या, इंग्लंडकडून कसोटीतलं पहिलं शतक. फ्रेड दोन्ही डावांत शून्यावर गेला, पण बॉनरचा उंच उडालेला झेल त्याने असा घेतला की लोक वर्षानुवर्षं त्याबद्दल बोलत राहिले. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांत न्यूमोनियाने तो गेला. वय अवघं एकोणतीस. ते वाचून गेलो होतो, तरी चर्चच्या आवारात पाय जड झाले.

आकडे सगळ्यांना माहीत असतात, तरी १८७६ चा ऑगस्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कँटरबरीला केंटविरुद्ध ३४४, प्रथम श्रेणीतलं पहिलं त्रिशतक. लगेच नॉटिंगहॅमशायरविरुद्ध १७७. मग चेल्टनहॅमला यॉर्कशायरविरुद्ध नाबाद ३१८. आठवडाभरात ८३९ धावा, तेही तेव्हाच्या खडबडीत खेळपट्ट्यांवर. आणि १८९५ साली, शेहेचाळीस वर्षांचं वय आणि सुटलेलं शरीर घेऊन, मे महिन्यात हजार धावा. शंभरावं शतकही त्याच महिन्यात, सॉमरसेटविरुद्ध २८८, ब्रिस्टलच्या ॲशली डाऊन मैदानावर. तिथेही जाऊन आलो. मैदानाला लागूनच म्युलरच्या अनाथाश्रमाच्या दगडी, उंच खिडक्यांच्या इमारती आहेत.

त्याच्या डॉक्टरकीबद्दल मात्र कमी बोललं जातं. शिक्षण रखडत रखडत १८७९ मध्ये पुरं झालं आणि स्टेपलटन रोडवर त्याने दवाखाना थाटला. कामगारांची वस्ती, गरीब पेशंट. १८८७ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर सीमारेषेकडे धावताना त्याचा सहकारी क्रूम कुंपणाच्या अणकुचीदार सळईवर आदळला आणि गळा चिरला गेला. टाके घालायला सुई मिळेपर्यंत अर्धा तास ग्रेसने जखमेच्या दोन्ही कडा बोटांनी दाबून धरल्या. क्रूम वाचला. दिवसभर चेंडू फेकून आलेल्या हातांनी, जराही न हलता, अर्धा तास! माझ्या लेखी ही खेळी ३४४ पेक्षा मोठी.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 'हौशी', म्हणजे पैशासाठी न खेळणारा, म्हणवणाऱ्या ग्रेसने १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे दीड हजार पौंड घेतले, बरोबरच्या व्यावसायिकांना मिळाले १७०. १८८२ च्या ओव्हल कसोटीत खेळपट्टी ठोकायला क्रीजबाहेर आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या सॅमी जोन्सला त्याने धावबाद केलं. त्यांचा गोलंदाज स्पॉफर्थ याचं डोकं फिरलं आणि त्याने इंग्लंडला सात धावांनी हरवून दाखवलं. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेच्या 'ॲशेस' या नावाचा जन्म त्यातूनच. ते धावबाद करणं मला आजही खुपतं.

लंडनला परतल्यावर मॉटिंगहॅममधलं शेवटचं घर बाहेरून पाहिलं, निळी पाटी लावलेलं. महायुद्ध सुरू झालं तेव्हा खेळ थांबवून सैन्यात जा, असं पत्र त्याने वर्तमानपत्राला लिहिलं होतं. २३ ऑक्टोबर १९१५ ला तो याच घरात गेला. कबर एल्मर्स एंडच्या दफनभूमीत आहे. बर्कबेक स्टेशनवर उतरा, समोरच.

ब्रिस्टलला जाणार असाल तर उन्हाळ्यातला शनिवार धरा. डाऊनएंडचा क्लब अजून खेळतो. मी गेलो तेव्हा एक आजोबा खेळपट्टीवर रोलर फिरवत होते. भारतातून आलोय म्हटल्यावर त्यांनी बाकावर जागा करून दिली, चहा दिला, आणि ग्रेसबद्दल चार शब्द झाल्यावर थेट विषय काढला तो गावसकरचा. एकाहत्तरचा, भारताने जिंकलेला ओव्हलचा सामना त्यांनी मैदानात बसून पाहिला होता. क्लबचा त्या दिवशीचा सामना संपेपर्यंत आम्ही तिथेच बसलो होतो.