आधी फटी बुजवा : आमची वाटचाल

आमच्या संस्थेची सुरुवात झाली, तेव्हा पेस्ट कंट्रोल म्हणजे फवारणी आणि विष, एवढीच या कामाची ओळख होती. कार्यालयात किंवा गोदामात उंदीर दिसला की बोलावणे येई, आम्ही आमिष ठेवून येत असू, आणि थंडी सरेपर्यंत त्याच इमारतीच्या फेऱ्या चालू राहत. दर हिवाळ्यात त्याच जागी तेच घडताना पाहिल्यावर, मेलेल्या उंदरांची जागा घ्यायला नवे उंदीर कोणत्या वाटेने आत येतात, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटू लागला आणि कामाची दिशाच बदलली.

थंडीत बाहेरचे अन्न आणि आडोसा कमी होतो. व्यापारी इमारतीत मात्र ऊब, खरकटे आणि निवांत कोपरे बाराही महिने असतात. घरात वावरणाऱ्या लहान जातीच्या उंदराला सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. म्हणून आमच्या प्रत्येक तपासनिसाच्या खिशात टॉर्चबरोबर पेन्सिल असते, आणि जिथे ती आत जाते तिथे उंदीरही जाईल असे धरून तो चालतो. शटरचे खालचे कोपरे, माल उतरवण्याच्या दरवाज्याचे झिजलेले रबर, भिंतीतून येणाऱ्या पाइप व केबलींभोवतीची जागा, हे सारे तो तपासतो. उंदीर भिंतीला अंग घासत चालत असल्याने त्याच्या रोजच्या वाटेवर काळपट, तेलकट पट्टा उमटतो. पँट्रीच्या सिंकखाली टॉर्च तिरपा धरून त्या पट्ट्यामागे गेले, की बहुतेक वेळा तो सांडपाण्याच्या पाइपभोवतीच्या भोकापाशी पोहोचवतो.

अशा भोकात नुसता फोम भरून काम भागत नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे तो सतत कुरतडत राहतो आणि फोम सहज पोखरतो. आम्ही धातूची जाळी घट्ट ठासून वर सिमेंट भरतो, दरवाज्यांच्या तळाशी धातूची पट्टी आणि दाट ब्रश बसवतो. यासाठी एक गवंडी आणि एक फॅब्रिकेटर कायमस्वरूपी नेमले, हा आमच्या वाटचालीतला सर्वांत मोलाचा निर्णय होय, असे मी मानतो.

विष आम्ही पूर्णपणे सोडलेले नाही. पण ते शेवटचा उपाय म्हणूनच वापरतो. रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिन या उंदीरनाशक विषाला न जुमानणारे उंदीर १९५८ मध्येच स्कॉटलंडमध्ये आढळले होते. शिवाय विष खाल्लेला उंदीर फॉल्स सीलिंगमध्ये मेला तर दुर्गंधी सुटते, आणि बाहेर जाऊन घुबडाच्या तोंडी पडला तर तेच विष घुबडाच्या पोटात जाते. त्यापेक्षा योग्य जागी लावलेले सापळे आम्हाला पसंत आहेत. मोठ्या जातीचे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, म्हणून त्यांच्यासाठी सापळा आधी काही दिवस आमिष घालून, पण न ताणता ठेवावा लागतो. लहान जातीचे उंदीर उलट कुतूहलाने जवळ येतात. अल्ट्रासॉनिक आवाजाची यंत्रे आम्ही विकत नाही, कारण उंदीर त्या आवाजाला सरावतात.

झुरळांचाही माग उबेच्या दिशेनेच घ्यावा लागतो. फ्रिजच्या मोटारीजवळ किंवा कॉफी यंत्राच्या पाठीमागे ती दाटीने राहतात, आणि तेथे सरसकट फवारणीपेक्षा जेलचे बारीक ठिपके अधिक उपयोगी पडतात. सफाई कर्मचाऱ्यांना आम्ही एक गोष्ट आग्रहाने सांगतो : उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत, कारण त्या धुळीतून रोगजंतू श्वासावाटे शरीरात जाऊ शकतात, जंतुनाशकाने भिजवून, हातमोजे घालूनच त्या पुसून घ्याव्यात.

उंदीर दिसत नसताना खर्च का करायचा, हे व्यवस्थापकांना पटवणे आजही सर्वांत अवघड जाते. त्यासाठी प्रत्येक फटीचे बुजवण्यापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र आम्ही अहवालात जोडतो. हिवाळ्याचा करार आता आम्ही एका अटीवर घेतो : थंडीपूर्वी संपूर्ण इमारतीची तपासणी व्हावी आणि सापडलेल्या फटी बुजवण्याची परवानगी मिळावी. या अटीमुळे काही कामे हातची गेली, तरी ती आम्ही शिथिल केलेली नाही.